क्रिस्टल पॅटर्न: किनार झाली, हुक चालू

मंडळी, मी विणतेय त्या नावाहो (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) नमुन्याच्या रगचं अपडेट. क्रिस्टल स्टाइलची खालची किनार विणून झालीये आणि आता मधल्या हिऱ्याच्या कडेचे हुक, म्हणजे आकड्यासारखी नक्षी, घेतलेत. काळ्यासाठी दख्खनी मेंढीची न रंगवलेली लोकर वापरतेय, घोंगडीची असते तीच, जरा टोचरी आहे पण फणीने ठोकली की मस्त घट्ट बसते.

हे हुक नावाहोंचे मूळचे नाहीत बरं का. न्यू मेक्सिकोत क्रिस्टलला जे. बी. मूर नावाचा व्यापारी होता, त्याने १९०३ आणि १९११ ला कॅटलॉग काढले, गिऱ्हाइकांना तेव्हा तुर्की-इराणी गालिच्यांची आवड, म्हणून चौफेर किनार, मधला मोठा हिरा, हुक हे सगळं नावाहो रगमध्ये आलं. जुन्या अंगावर घ्यायच्या ब्लँकेटना अशी चौकट नसायचीच.

करवतीच्या दात्यांसारख्या कडांचे हिरे मात्र त्याच्याही आधीचे. १८६४ ते ६८ हजारो नावाहोंना न्यू मेक्सिकोतच बॉस्क रेडोंडोच्या छावणीत डांबलं होतं, त्यांची मेंढरं अमेरिकी सैन्याने मारलेली, तिथे सरकारने वाटलेल्या रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातल्या ब्लँकेटवर मेक्सिकोच्या साल्तियो सरापेचे (अंगावर घ्यायच्या ब्लँकेटचे) हिरे होते. एवढ्या हालात त्या बायकांनी ते डिझाइन उचललं आणि सुटून आल्यावर पेनसिल्व्हेनियाच्या जर्मनटाउन लोकरीत असं काही झगझगीत विणलं की नजर हटत नाही. लाल रंग तर त्याआधीपासून बायेता नावाचं बाहेरून आलेलं लोकरी कापड उसवून घ्यायचे, जुन्या तुकड्यांत तो रंग बऱ्याचदा लाखेचा सापडतो, म्हणजे आपल्याकडच्या लाखेच्या किड्याचा!

म्हणून कोणी याला तिकडच्या गालिच्यांची नक्कल म्हटलं की मला राग येतो. कॉकेशसच्या गालिच्यात गाठी मारतात, इथे नुसत्या बाण्याने (आडव्या धाग्याने) हुक काढायचाय, उभ्या कडेला दोन रंगांचे धागे ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दोन दोऱ्यांमध्ये एकमेकांत अडकवून मागे फिरवायचे, मग किलीमसारखी (बिनगाठीच्या सपाट गालिच्यासारखी) फट राहत नाही. ताणा अखंड, चारही कडा बंद, झालर नाहीच. ही सगळी विणायची पद्धत त्यांचीच राहिली, व्यापाऱ्याने फक्त चित्र दिलं.

वरचं शेवटचं बोटभर विणकाम सुईने करावं लागणार, तिथे फणी शिरत नाही. कोणी केलं असेल तर सुई कुठली वापरली ते सांगा, आणि करड्यासाठी काळी-पांढरी लोकर एकत्र पिंजून सूत काढलंय का कोणी?