हळदीच्या पाकिटावरचा क्यूआर कोड: माझा अनुभव

आमच्या बचत गटाची हळद पावडर सांगलीतल्या दुकानांत जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद नक्की कुणाच्या शेतातली, हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून आम्ही पाकिटावर क्यूआर कोड छापायचं ठरवलं. स्कॅन केलं की शेत, शिजवणी, पॉलिश आणि दळल्याची तारीख दिसणार.

छपाईवाल्याचा पहिला नमुना पांढऱ्यावर पिवळा. पाकिटाला शोभत होता, पण आमचे फोन तो वाचेनात. पिवळ्या-पांढऱ्यातला फरक कॅमेऱ्याला पुरत नाही. कोड काळाच हवा, यावर आम्ही अडून बसलो. कोडभोवतीची जागाही नक्षीने भरली होती. ती चारही बाजूंनी कोडातल्या निदान चार बारीक चौकोनांएवढी कोरी हवी.

मग पत्ता, म्हणजे स्कॅन केल्यावर उघडणाऱ्या वेबपानाचा, जो कोडात भरलेला असतो. तो जितका लांब, तितके चौकोन जास्त. २१ बाय २१ पासून १७७ बाय १७७ पर्यंत जाळी वाढत जाते, आणि लहान पाकिटावर तिची नुसती खिचडी होते. म्हणून पत्ता अगदी छोटा केला. त्याचा दुसरा फायदा डागांच्या बाबतीत झाला. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने हा कोड मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनवला. कारखान्यात डाग पडणारच, म्हणून थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता येतो: कोड बनवताना निवडायच्या दुरुस्तीच्या सर्वांत कमी पातळीला सुमारे ७ टक्के, सर्वांत वरच्या पातळीला सुमारे ३० टक्के. वरची पातळी घेतली की चौकोन वाढतात, पण पत्ता छोटा असल्याने आम्हाला ते परवडलं. हळदीचे हात लागणाऱ्या पाकिटाला ती हवीच.

सगळ्यात जपायची गोष्ट वेगळीच आहे. फुकट कोड देणाऱ्या काही साइट कोडात आपला पत्ता घालतच नाहीत, स्वतःचा घालतात आणि तिथून आपल्याकडे वळवतात. मुदत संपली की वळवणं बंद, आणि छापलेला सगळा माल मुका. आम्ही स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतलं आणि तोच पत्ता थेट कोडात घातला. मजकूर हवा तेव्हा बदलतो, पत्ता तोच राहतो.

तपासणी भरलेल्या पाकिटावरच करावी. पाकीट फुगतं, ट्यूबलाइटची चमक येते, कोड शिवणीजवळ दुमडतो. आमचा आम्ही मागच्या सपाट भागावर, बिनचमकीच्या लेबलवर नेला.

सांगलीच्या गणपती पेठेतल्या बाजारात क्यूआर दिसला की लोक पैसे पाठवायचा समजतात. म्हणून खाली ठळक छापलं: ‘ही हळद कुणाच्या शेतातली ते पाहा. हा कोड पैसे देण्यासाठी नाही.’ शेजारी लॉट नंबर आणि गटाचा फोनही, स्कॅन न करणाऱ्यांसाठी.