तुम्ही विचारलंत म्हणून: तासाची पहिली पाच मिनिटं

नवीन लागलेले शिक्षक भेटले की हमखास विचारतात, सर तुम्ही गणिताचा तास सुरू कसा करता, पोरं कंटाळत नाहीत का? कंटाळतात की! मी फक्त एक पाळतो, फळ्यावर धड्याचं नाव लिहीत नाही, कारण 'अपूर्णांक' एवढं वाचलं की निम्मा वर्ग तिथंच मिटतो.

आपल्या सोलापुरात एक सोय आहे जी पुण्यात नाही. माझ्या पाचवीच्या वर्गात पूर्व भागातली तेलुगु बोलणारी पोरं, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी, आणि मराठी तर आहेतच. मग मी आल्याआल्या विचारतो, 25 घरी कसं म्हणता? एक म्हणतो इरवै ऐदु, दुसरी म्हणते इप्पत्तैदु, दोन्हीत वीस आधी आणि पाच मागनं. आपलं मात्र पंचवीस, पाच आधी! तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "म्हणून मी बावन्न ऐकून 25 लिहितो काय ओ सर?" तर हो, बऱ्याचदा तेच असतं, पोरगं ढ नसतं. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विनोद पण भरपूर झाले, पण माझ्या वर्गातल्या पोरांना त्यात हसण्यासारखं काहीच वाटलं नसतं. मग पुढचा प्रश्न टाकतो, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करत करत एकोणनव्वदपर्यंत आलो, मग 99 ला एकोणशंभर का नाही म्हणत? वर्गात नुसता कालवा. उत्तर मी देत नाही, स्थानिक किंमत इथंच सुरू करतो.

सगळं जमतंच असं नाही हं. एकदा सममिती शिकवायला घरनं चादर नेली, मोराची. अर्धा तास ती कितीला पडली आणि कुणाच्या पप्पांच्या कारखान्यात याच्यापेक्षा भारी निघते यावरच गेला.

कापरेकरांचा 6174 मात्र भरवशाचा. देवळालीचे शाळामास्तर, म्हणजे आपल्यातलेच. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, तेच अंक फिरवून मोठ्यातनं मोठी संख्या करा, लहानातनं लहान करा, मोठीतनं लहान वजा करा, आलेल्या उत्तराला परत तेच. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, आलं 3087, मग 8352, मग 6174, आणि पुढं तिथंच अडकतं. कुठलीही घ्या, जास्तीत जास्त सात वेळा. एकदा मागच्या बाकावरचा एकजण उठला, "सर, माझं शून्य आलंय, तुमचं चुकलंय की ओ." त्यानं 2111 घेतलेली. 2111 वजा 1112, आलं 999, आणि परत 999 मधनं 999 वजा. पुढचं शून्य गाळलं होतं त्यानं, 0999 धरलं असतं तर 9990 वजा 0999 झालं असतं. हे मी नाही सांगितलं, पहिल्या बाकावरच्या पोरीनं फळ्यावर येऊन दाखवलं, आणि तो म्हणाला, "मग शून्याला काहीच किंमत नसती असं का शिकवता ओ?"

आता मी मुद्दाम एकाला तरी 2111 देतो.