वळायला मेंढ्या नाहीत

दुपारी चारला दूध आणायला खाली उतरलो आणि पार्किंगमध्येच थबकलो. सायकलवाली तीन पोरं आणि एक रुसलेली मुलगी वॉचमनच्या केबिनपाशी दाटीवाटीनं उभी होती. समोर तिसऱ्या मजल्यावरचा बॉर्डर कोली कुत्रा. मान खाली, पाठ ताणलेली, पुढचा एक पाय अधांतरी. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, नुसता बघत होता. मुलगी डावीकडे सरकली की हाही डावीकडे.

"मेंढ्या वळतोय," मी म्हणालो.

"बोअर झालाय हो," त्याचा मालक म्हणाला.

दोघांचंही खरं होतं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरातली ही जात. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलँडात जन्मलेला 'ओल्ड हेंप' हा यांचा मूळपुरुष. तोही मेंढ्यांच्या अंगावर जायचा नाही, नजरेनंच हलवायचा म्हणे. त्याचं पणतवंड आता पुण्यात लिफ्टनं ये-जा करतं. मालक बिचारा खूप करतो. पहाटे ऊन चढायच्या आत तासभर पळवतो, जेवण घरभर लपवून शोधायला लावतो, एक दिवसाआड विंचरतो. आतल्या मऊ लोकरीचा एवढा ढीग निघतो की एखादी बंडी विणून व्हावी. उन्हाळ्यात त्याला भादरावं असं सगळी सोसायटी सुचवते. डॉक्टर म्हणाले, अजिबात नको, तेच केस ऊनही अडवतात. एवढं करूनही संध्याकाळी अंगात कामाची खाज उरतेच. मग तो पोरं वळतो. परवा कामवाल्या मावशींना वळलं.

कुणी याला 'धनगरी कुत्रा' म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं. धनगरी कुत्रा मी पाहिलाय.

दिवाळी झाली की फलटणकडचे धनगर कोकणात उतरताना भोरजवळच्या आमच्या रानात थांबायचे. आजोबा दोन रात्री मेंढ्या बसवून घ्यायचे. खत आम्हाला, धान्य त्यांना. जाळीची वाघर लावून मेंढ्या आत, कोकरं डालग्याखाली, घोडी बांधाला. आणि या सगळ्यापासून जरा लांब, अंधाराकडे तोंड करून, एक मळकट पिवळा कुत्रा. गळ्यात खिळ्यांचा पट्टा. लांडगा नाहीतर बिबट्या आधी नरडं धरतो, म्हणून. मेंढ्या कुठे जातायत याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं, ते काम धनगराच्या शीळेचं. त्यानं फक्त अंधार बघायचा.

मी ताकात कुस्करलेली भाकरी घेऊन गेलो. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मागून धनगरीण म्हणाली, "हात लावू नगंस बाळा. रातचा त्यो कुणाचाच नसतो." मग तिनंच ताटली त्याच्यापुढे सरकवली. तेव्हा कुठे त्यानं खाल्लं, तेही मधून मधून मान वर करत. इतका अपमान मला शाळेतही वाटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी उठलो तर रानात नुसत्या लेंड्या आणि तीन काळे दगड. घाटाच्या बाजूला धूळसुद्धा दिसत नव्हती.

हे सगळं मी त्या मालकाला सांगत होतो. बोलता बोलता लक्षात आलं, पोटरीला मागून काहीतरी ओलं लागतंय. नाक होतं. मी एक पाऊल पुढे सरकलो, मग आणखी एक. रुसलेली मुलगी खुदकन हसली. मी केबिनला टेकून तिच्या शेजारी उभा होतो.

दूध राहिलं. काळा चहा प्यालो.