सेसी गावात, साडेबारा मायक्रोसेकंदांसाठी

जिनिव्हाचं तळं, उंच कारंजं, जुनं शहर हे सगळं भराभर उरकलं. मला ओढ होती सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेची, त्यातही सीमेपलीकडे फ्रान्समधल्या सेसी गावातल्या सीएमएस प्रयोगाची. तिथे प्रोटॉन एकमेकांवर आदळवून त्यातून निघणारे कण टिपतात. ज्या शहरात कॉफीसुद्धा विचार करून प्यावी लागते, तिथे ही भेट फुकट, आणि माहिती सांगायला तिथेच काम करणारी माणसं!

कण टिपणारा डिटेक्टर जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल. प्रोटॉनचा झोत (बीम) चालू असल्याने खाली सोडत नव्हते. वरच्या हॉलमध्ये त्याचं खऱ्या आकाराचं छायाचित्र आहे, आमचा अख्खा गट तिथे फोटोंना धावला. मी मात्र आमच्या मार्गदर्शक मुलीला गाठलं. ती ट्रिगरवर, म्हणजे कुठल्या टकरी ठेवायच्या नि कुठल्या नाकारायच्या हे क्षणात ठरवणाऱ्या यंत्रणेवर, काम करते. नाकारलेल्या टकरी नंतर कधी तपासता येतात का, असं मी विचारलं.

“नाही. गेल्या त्या गेल्याच.”

हे ऐकून मी हललेच. प्रोटॉनचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास ४ कोटी वेळा, एकमेकांतून जातात. ट्रिगरच्या पहिल्या टप्प्यातलं हार्डवेअर सुमारे ४ मायक्रोसेकंदांत ठरवून त्यातले सेकंदाला फार तर १ लाख प्रसंग, म्हणजे अशा भेटींच्या नोंदी, पुढे सोडतं. मग संगणक त्यातले काही हजार ठेवतात. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन हा कण सापडला, कारण काय शोधायचं ते ठाऊक होतं. पण ज्याची कुणी कल्पनाच केलेली नाही, ते काही रोज निसटत असेल तर?

म्हणूनच ट्रिगरचं नवं रूप मला इतकं महत्त्वाचं वाटतं. प्रोटॉन आदळवणाऱ्या सर्नच्या एलएचसी या यंत्राची पुढची, जास्त टकरींची आवृत्ती म्हणजे हाय-ल्युमिनॉसिटी एलएचसी. तिच्यात पुंजक्यांच्या एकाच भेटीत २०० पर्यंत टकरी होतील. पहिला टप्पा आज फक्त कॅलरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारे भाग) आणि म्यूऑन नावाचे कण टिपणाऱ्या डिटेक्टरांचं ऐकतो. एवढ्या गर्दीत कुठला कण कुठल्या टकरीतून आला, हे तेवढ्यावर कळणार नाही. त्यामुळे कणांचे मार्गही त्याला तिथल्या तिथे मिळणार आहेत. त्याची युक्ती तिने कागदावर काढून दाखवली. सिलिकॉनचे दोन पातळ थर, मध्ये काही मिलिमीटर अंतर. ३.८ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात कमी संवेगाचा कण जास्त वळतो, दोन थरांवरच्या खुणा सरकलेल्या दिसतात, आणि तो कण या दोन थरांचं मॉड्यूलच गाळून टाकतं. निर्णयाला वेळ मिळेल साडेबारा मायक्रोसेकंद, पुढे जातील सेकंदाला साडेसात लाख प्रसंग. एलएचसीवरच्याच एलएचसीबी या दुसऱ्या प्रयोगाने २०२२ पासून हार्डवेअरचा टप्पाच काढून पहिली निवड जीपीयूंवर (संगणकातल्या ग्राफिक्स प्रोसेसरांवर) सोपवली. मला ते धाडस जास्त भावलं. पण सीएमएसचा प्रत्येक प्रसंग कितीतरी मोठा, इथे तसं जमणार नाही, असं ती म्हणाली.

छायाचित्रात बाहेरच्या बाजूचं हॅड्रॉन (प्रोटॉनसारख्या कणांचं) कॅलरीमीटर दाखवून तिने त्यात भारतीय गटांचा, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) चा वाटा असल्याचं सांगितलं. ऊर भरून आला. तेवढ्यात बसवाल्याची हाक आली, आणि चॉकलेटच्या दुकानात मात्र आम्हाला चांगला तासभर थांबवलं! सेसीला जाणार असाल तर अशा सहलीबरोबर जाऊ नका. सर्नकडे थेट नोंदणी करा आणि ट्रिगरवर काम करणारं कुणी भेटलं, तर कागद-पेन पुढे करा.