तिथी पाहून काढलेली चित्रं : चोडण, दिवाडी आणि करमळी

गोव्याला जलरंगात चित्रं काढायला जायचं ठरल्यावर मी आधी पंचांग उघडलं, तिकीट नंतर काढलं. खाडीकाठी वाढलेल्यांना हा हिशोब ठाऊक असतो: तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बारा-साडेबाराला पूर्ण ओहोटी. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. नदीतून जसजसं वर जावं तसतशी भरती उशिरा पोचते. नक्की वेळेसाठी मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहावाच, पण चिपळूणला घरी बसून आठवडा निवडायला हा हिशोब पुरतो.

मी पौषातल्या षष्ठी ते एकादशीचे दिवस निवडले. कारण साधं आहे. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पुनवेच्या उधाणात चिखल भरपूर उघडा पडतो खरा, पण समोरचं दृश्य तासाभरात पार बदलून जातं. निम्मं चित्र झालेलं असतं आणि ज्या काठावर बगळा उभा केला तो काठच राहत नाही. भांगात पाणी हळू ओसरतं. शिवाय अष्टमी-नवमीला सकाळी आठ ते अकरा या चित्राच्या वेळेतच ते ओसरत असतं, आणि तेव्हाच पक्षी चिखलावर उतरतात.

चिपळूणहून मांडवी एक्स्प्रेसने निघाले. ज्या नदीची चित्रं काढायची तिच्याच नावाची गाडी! करमळीला उतरले तेव्हा ऊन अजून होतं. तळं स्टेशनाला लागूनच आहे. रायबंदरला माझी मामेबहीण राहते, तिचा मुलगा न्यायला आला होता. कॉलेजात शिकतो, दुर्बीण गळ्यात असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. म्हणाला, "मावशी, घरी नंतर. आधी अडई बघ." अडई म्हणजे शीळ घालणारी बदकं. कमळाच्या पानांमध्ये शेकड्यांनी बसली होती आणि त्यांची ती बारीक शीळ सतत चालू होती. मी पेटी उघडलीच नाही, अंधार पडेपर्यंत नुसती पाहत राहिले. पहिली संध्याकाळ अशीच जाऊ द्यावी असा माझा सगळ्यांना आग्रह आहे. पाहिल्याशिवाय हात चालवला की हात जुनीच चित्रं काढतो.

आता सामानाचं सांगते. मी पोस्टकार्डाच्या आकारातच काम करते, चार बाय सहा इंच. बावीस बाय तीस इंचांच्या मोठ्या कागदाचे बरोबर पंचवीस तुकडे होतात आणि दोन इंचांची एक पट्टी उरते. ती पट्टी फेकू नका, रंग तपासायला हवीच. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शंभर टक्के कॉटनचा, किंचित खरखरीत. खाडीकाठच्या दमट हवेत स्वस्त कागद फुगतो आणि दुसरा थर दिला की वरचा रंग सोलून निघतो. रंग पाचच: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो आणि लाइट रेड. पांढऱ्या पोस्टर कलरची एक छोटी ट्यूब, तीही अगदी शेवटच्या ठिपक्यासाठी. ब्रश तीन: गोल आठ नंबर, गोल चार नंबर आणि काठ्या-फांद्यांसाठी लांब केसांचा रिगर. प्लायवूडचे दोन छोटे तुकडे घ्या. जानेवारीच्या सकाळी दंव असतं, एक थर सुकायला वीस-वीस मिनिटं लागतात. एक कार्ड सुकतंय तोवर दुसरं चालू ठेवायचं. सुकलेल्या कार्डांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर पिशवीत ती एकमेकांना चिकटतात.

तयार हिरवा रंग मी मुद्दाम नेला नव्हता. कांदळवनाचा हिरवा रंग ट्यूबमध्ये मिळत नाही. चोडणला, म्हणजे मांडवीतल्या बेटावर, फेरीबोटीतून जाताना समोरची झाडांची रांग नीट बघा. तिवर हे कांदळवनातलं झाड. त्याची पानं वरून हिरवी आणि खालून राखाडी असतात, वाऱ्याने उलटली की सगळी झाडी क्षणभर फिकट दिसते. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर मिसळा, त्यात बर्न्ट सिएनाचा एक थेंब टाका, तो मळकट हिरवा जवळ येतो. कोवळ्या पानांवर ऊन पडलं असेल तिथेच लेमन यलो. जांभ्या दगडाच्या कडेला लाइट रेड, पण पाणी जास्त घालून. जांभा दिसतो तितका लाल रंगवला की चित्रात दुसरं काही दिसतच नाही.

रायबंदरहून चोडणला फेरीबोट जाते. पलीकडे उतरलं की जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये जाहीर झालेलं, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपासचं, जवळजवळ सगळं कांदळवन. आत झाडीतून जाणारी पायवाट आहे. होडीतून आतल्या ओहळांत शिरायचं असेल तर भरतीच हवी, ओहोटीला तिथे होडी रुतते. चित्रं काढायला मात्र होडी नको, ती हलते. आम्ही सप्तमीला नुसतं हिंडून जागा हेरल्या आणि अष्टमीला सकाळी सातच्या सुमाराला जाऊन बसलो.

बसलो तेव्हा काठापर्यंत पाणी आणि एकही पक्षी नाही. मी चुळबुळ करायला लागले. जवळच एक काका होडी बांधत होते, ते म्हणाले, "बाय, सुकती लागली काय सुकणीं देंवतात." ओहोटी लागली की पक्षी उतरतात. मी घड्याळ ठेवून दिलं. साडेआठला तिवराची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर दिसायला लागली. मग निवटे, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारायला लागले आणि मग एकेक जण आला. आधी तुतवार, शेपटी खालीवर करत. मग छोटा बगळा. मग काळसर राखाडी समुद्र बगळा. आणि एक वंचक, म्हणजे तपकिरी पाठीचा लहान बगळा, जो बहुतेक सगळा वेळ माझ्यापासून वीस पावलांवरच बसलेला होता आणि मला दिसलाच नव्हता.

या वंचकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याने मला त्या दिवशी खूप शिकवलं. बसलेला असताना तो चिखलाच्याच रंगाचा असतो. मान खांद्यात ओढलेली, पाठीवर तपकिरी, छातीवर रेघा. म्हणजे चित्रात तो वेगळा रंगवायचाच नसतो. मी चिखलाचा थर दिला, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा राखाडी, आणि तो ओला असतानाच आठ नंबरच्या टोकाने थोडा घट्ट रंग एका जागी टेकवला. कडा आपोआप विरल्या. फक्त चोचीची रेघ कागद सुकल्यावर रिगरने काढली. झाला वंचक. एवढ्यात तो उडाला आणि पंख उघडल्यावर पांढराशुभ्र झाला! तपकिरी ढेकळातून पांढरा पक्षी निघाला. ते रंगवायचं तर कागद कोरा सोडलेला हवा, आणि मी तर सगळा भरून टाकला होता. दुसऱ्या कार्डावर मी आधीच पाण्याच्या पट्ट्यात बोटाच्या पेराएवढी जागा कोरी ठेवली आणि तासभर थांबले. तो पुन्हा उडाला तेव्हा त्या कोऱ्या जागेभोवती गडद हिरवा फिरवला, बस. पांढरा रंग लावावा लागला नाही.

माझ्या मते नदी आणि पक्षी यांच्या चित्रात हेच मुख्य आहे: आधी पाणी आणि चिखल ठरवा, पक्षी त्यातून येऊ द्या. बरेचजण फोटोवरून खंड्या काढतात, पिसन् पीस बिनचूक, आणि मग मागे थोडं निळं-हिरवं पाणी भरतात. तो खंड्या कुठलाही असू शकतो. चार इंचांच्या कार्डात पक्ष्याला मिळते गव्हाच्या दाण्याएवढी जागा. तेवढ्या जागेत जात ओळखू येते ती त्याच्या बसण्यातून. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसतो, शेकाट्याचे पाय शरीराच्या मानाने भलतेच लांब, खंड्याचं डोकं मोठं आणि शेपूट आखूड. भाचा दुर्बिणीतून पाहून मला एवढंच सांगायचा, "मान आत" किंवा "पुढे झुकलाय." त्याचा मला फोटोपेक्षा जास्त उपयोग झाला.

पाण्यातल्या प्रतिबिंबाबद्दल एक गोष्ट तिथे बसून पक्की झाली. उजळ वस्तूचं प्रतिबिंब तिच्याहून थोडं गडद दिसतं आणि गडद वस्तूचं थोडं उजळ. पांढरा बगळा पाण्यात पिवळट राखाडी उतरतो. हे पाळलं की पाणी सपाट बसतं, नाहीतर आरशासारखं उभं राहतं.

नवमीला दिवाडी, मांडवीतलंच दुसरं बेट. जुन्या गोव्याहून फेरी घेतली. दिवाडीचं खरं सौंदर्य पिएदादच्या टेकडीच्या खाली, खाजन शेतांत आहे. बांध घालून खारं पाणी अडवलेली ही जमीन. बांधात मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की लाकडी फळ्या आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलून वाहून जातं. यंत्र नाही, चावी नाही. ओहोटीच्या वेळी मानशीतून पाण्याबरोबर बारीक मासळी बाहेर पडते, म्हणून तिथे बगळ्यांची रांग लागते. चित्रासाठी याहून चांगली जागा मला पाच दिवसांत मिळाली नाही: पुढे वाहतं पाणी, मध्ये काळपट लाकूड, मागे आडवी हिरवी शेतं. मी हौसेने मानशीच्या कठड्यावरच जाऊन बसले. शेतातून एका बाईंनी हाक मारली, "बाय, मानशीर बसूं नाका." लगेच उठले. ती लोकांच्या शेतीची राखण आहे, बसायची जागा नव्हे. पलीकडच्या पायवाटेवर बसा आणि आधी विचारून बसा. मी विचारल्यावर त्याच बाईंनी सावलीची जागा दाखवली.

त्याच दिवशी एक चूक झाली. स्वच्छ पाण्याची बाटली फेरीबोटीत सांडली आणि मी ओहळाचं पाणी घेतलं. रंग लावताना काही वाटलं नाही. सुकताना मात्र आकाशाच्या थरात बुरशीसारखे फिकट ठिपके उमटले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीची कार्डं खडखडीत होती आणि हे एक चिकट. अजूनही दमट हवेत ते ओलसर लागतं, कारण मीठ कागदात मुरलंय आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. परिणामासाठी वरून मीठ भुरभुरतात ते सुकल्यावर झटकून टाकता येतं, विरघळलेलं नाही. तेव्हा प्रत्येकी दोन लिटर गोडं पाणी न्या. एका डब्यात ब्रश धुवा, दुसऱ्यात स्वच्छ पाणी ठेवा, आणि धुवलेलं रंगीत पाणी बाटलीत भरून परत आणा. ते खाडीत ओतू नका.

दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरी जाते. पलीकडे श्रीसप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीचं. ते पोर्तुगीजांनी पाडल्यावर लिंग नदीपार नेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार करवला. दर्शन घेऊन परतताना फेरीतून मागे पाहिलं तेव्हा पाणी पितळेच्या रंगाचं झालं होतं आणि वर ब्राह्मणी घार फिरत होती. ते कार्ड फेरीतल्या फेरीत, उभ्याने काढलं. पाचापैकी दोनच रंग लागले.

दशमीला दुपारच्या उन्हात पणजीत फोंतेन्हासला गेलो. तिथल्या फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि तिथेच शिकवलेले हे गोव्याचे चित्रकार. व्यक्तिचित्रांसाठी त्यांचं नाव आहे, पण मी सावल्याच पाहत राहिले. एकही सावली निव्वळ काळी नाही. ज्यांना चित्रात रस आहे त्यांनी दुपारचे दोन तास इथे द्यावेत. बाहेर त्या वेळी तसाही प्रकाश सपाट असतो.

कुंभारजुवे कालव्यासाठी मात्र आमच्याकडे एकच पहाट होती आणि ती पुरली नाही. हा कालवा मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडतो, दोन्ही काठांना कांदळवन, आणि त्यात मगरी आहेत. आमच्या वाशिष्ठीतही आहेत, म्हणून मला धाक ठाऊक आहे: इथे पाण्याच्या कडेला खाली बसून रंगवायचं नाही, ब्रश धुवायला वाकायचं नाही. होडीतूनच पाहा आणि होडीवाल्यांना आधीच सांगा की थांबलं की इंजिन बंद करायचं. काळ्या डोक्याचा खंड्या दिसला, जांभळट निळा, पोट नारिंगी. पांढऱ्या गळपट्टीचा खंड्या, ज्यासाठी पक्षीप्रेमी मुद्दाम या भागात येतात, तो दिसला नाही.

राहिलेलं थोडक्यात. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, पाहुणे पक्षी तेव्हाच असतात. कपडे मळखाऊ, पूर्ण बाह्यांचे. कांदळवनात डास भयंकर असतात. बसायला घडीचं स्टूल न्या, चिखलाजवळ सतरंजी भिजते. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच विचारून ठेवा. आणि निघण्याआधी रायबंदरला पातळभाजी-पाव खाऊन घ्या, चोडणला बसल्यावर अकरापर्यंत उठवत नाही.

परतीची गाडी सकाळची होती, म्हणून एकादशीला सातलाच करमळीच्या तळ्यावर गेलो. गाडीआधी दोन तास मिळतात आणि सामान उचलून फलाटावर जायला काही मिनिटं, तेव्हा तळं शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावं. धुक्यात अडई नुसत्या राखाडी ठिपक्यांच्या ओळी दिसत होत्या. एकोणिसावं कार्ड तिथे झालं. सहा कोरी उरली आहेत. ती कुंभारजुव्यासाठी ठेवली आहेत, येत्या माघातल्या अष्टमीला, या वेळी जुवारीच्या बाजूने शिरायचं असं भाच्याशी ठरलंय. कोणी त्याआधी जाणार असेल तर सकाळची ओहोटी धरा आणि होडी पूर्ण तीन तासांसाठी सांगा. दीड तासात दोन कार्डंसुद्धा सुकत नाहीत.