पांडा कॉरी: अखेर मॉसमध्ये अंडी

मागची नोंद लिहिली तेव्हा पुण्याच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३१ अंशांवर गेलं होतं आणि सहाही पांडा कॉरी (तळाशी राहणारे छोटे मांजरमासे) स्पंज फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ गोळा झाले होते. कॉरी आतड्यातूनही हवा घेतात, त्यामुळे मधूनच एखादी वर जाऊन घोट घेऊन आली तर काळजी नको. पण सारखी ये-जा सुरू झाली की पाण्यात प्राणवायू कमी पडतोय असं समजावं.

या माशाचं घर पेरूमध्ये, उकायाली नदीच्या खोऱ्यात. अँडीजच्या पायथ्याशी पाचितेया नदीला मिळणाऱ्या प्रवाहांत तो राहतो. तिथलं पाणी डोंगरातून येतं, म्हणून थंड आणि खेळतं. १९७१ साली नाइसेन आणि इसब्रुकर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. २०२४ च्या फेरमांडणीत तो 'कॉरिडोरस'मधून 'हॉप्लिसोमा' प्रजातीत गेलाय, पण माझ्या वहीत कॉरीच.

मग झाकण काढून टेबलफॅन थेट पाण्यावर लावला. दोन दिवसांत पारा २६ वर आला. पाणी मात्र भराभर उडतं, रोज भर घालावी लागते. खडी काढून बारीक वाळू आधीच घातली होती. झिजलेल्या मिशा आता पुन्हा वाढल्यात. डोळ्यापर्यंत वाळूत तोंड खुपसतात आणि कल्ल्यांतून ती बाहेर सोडतात. तासन् तास बघावं!

गेल्या शनिवारी रात्री एक तृतीयांश पाणी बदललं, नवं पाणी मुद्दाम चार अंश थंड. रविवारी सकाळी मादीने नराच्या पोटाशी तोंड लावलं आणि दोघं इंग्रजी टी अक्षरासारखे क्षणभर स्तब्ध झाले. ती सुटली तेव्हा पोटाखालच्या परांच्या ओंजळीत एकच अंडं होतं. वाळूवर जरा टेकली, मग जावा मॉसमध्ये (टाकीतल्या शेवाळात) शिरून तिने ते चिकटवलं. दुपारपर्यंत १७ मोजली.

मॉस उचलून वेगळ्या डब्यात ठेवलं, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड सोडला. पाच अंडी पांढरी पडली. बुरशी पसरू नये म्हणून ड्रॉपरने काढून टाकली. चौथ्या दिवशी उरलेली फुटू लागली.

आज नऊ पिल्लं आहेत. पोटाखालची बलकाची पिवळी पिशवी संपत आलीय. त्यांच्या खाण्यासाठी ब्राइन श्रिम्पची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवांची) अंडी काल रात्रीच मिठाच्या पाण्यात घातली आहेत, पहिला घास उद्या सकाळी.