दहावी गोळी भरताना

पुण्याला गेले की जेवणं आटोपल्यावर कुणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, "तुमच्या घरात खरंच पिस्तूल आहे?" आहे म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, आणि तोच मला इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमॉंटच्या आसपास नेमबाजीच्या रेंजवर सरावाला येणारे लोकही विचारतात: पिस्तूल बाळगतेस, मग मॅगझीनमध्ये दहाच गोळ्या असाव्यात या कायद्याच्या मर्यादेच्या बाजूने कशी? इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

मॅगझीन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची लांबट डबी. आत स्प्रिंग असते, ती गोळ्या एकेक करून वर ढकलते. ग्लॉक १७ या पिस्तुलाची मूळ डबी १७ गोळ्यांची. कॅलिफोर्नियात २००० सालापासून दहापेक्षा जास्त गोळ्यांची डबी विकता येत नाही, आणि २०१६ मध्ये मतदारांनी ती जवळ ठेवण्यावरही बंदी मंजूर केली. न्यू जर्सीत मर्यादा दहाची, कोलोरॅडोत पंधराची, शेजारच्या ॲरिझोनात मर्यादाच नाही.

पिस्तूल हौसेनं घेतलेलं नाही. चार वर्षांपूर्वी नवरा प्रवासात असताना रात्री दोन वाजता कुणीतरी मागचं काचेचं दार फोडलं. मी मुलीला घेऊन न्हाणीघरात कडी लावून बसले. पोलीस यायला अकरा मिनिटं लागली. तोवर खाली कपाटं उघडल्याचे आवाज येत होते आणि मी मुलीच्या तोंडावर हात धरला होता. चोर आपणच निघून गेले. पुढच्या महिन्यात मी लेखी परीक्षा दिली, पिस्तूल निवडलं, पैसे भरले आणि इथल्या कायद्यानुसार दहा दिवस थांबून ते घरी आणलं.

मॅगझीन भरणं हाताला किती जड जातं हे भरल्याशिवाय कळत नाही. पहिल्या पाच गोळ्या सहज बसतात. सातवीपासून स्प्रिंग उलटी ढकलू लागते. दहावीला दोन्ही अंगठे लावावे लागतात आणि नखाखाली ठणका लागतो. एकदा शिकवणाऱ्या गृहस्थांनी मला आधी दोन फेऱ्या पळायला लावलं, धाप लागलेली असताना दहा गोळ्या झाडायला सांगितल्या आणि डबी बदलायला लावली. दुसरी डबी उलटी धरली गेली, मग हातातून पडली. त्यांच्या घड्याळात नऊ सेकंद झाले. न्हाणीघरातल्या रात्री ते नऊ सेकंद मला परवडले असते का? हा प्रश्न मी झटकून टाकत नाही.

म्हणून मर्यादेला विरोध करणाऱ्यांना मी वेडे समजत नाही. दार फोडून तिघं आले तर? अंधारात, घाबरलेल्या हाताने मारलेल्या बहुतेक गोळ्या भिंतीतच जाणार. २०१९ मध्ये न्यायाधीश बेनिटेझ यांनी कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द ठरवला, तेव्हा निकालाच्या सुरुवातीलाच घरात घुसलेल्यांशी झुंजणाऱ्या बायकांच्या हकिकती होत्या. आठवडाभर विक्री खुली झाली आणि लोकांनी धडाधड मॅगझीन मागवल्या. मार्च २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने तोच कायदा पुन्हा वैध ठरवला. अशा खटल्यांत सरकारी बाजूच्या तज्ज्ञांनी मांडलेला हिशोब असा, की स्वसंरक्षणाच्या नोंदलेल्या प्रसंगांत सरासरी दोन-अडीच गोळ्याच झाडल्या जातात. कडीमागे बसलेल्या बाईला सरासरीचा आधार वाटत नाही, हे मला ठाऊक आहे.

आमच्या मामांकडे मालवणजवळच्या गावी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. दारू ओतायची, छर्रे टाकायचे, वरून गजाने ठासायचं. रानडुकरावर एकच बार मिळायचा. "चुकला की बंदूक टाक आणि आंब्यावर चढ," असं मामा शिकवायचे. निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ मध्ये झाली तेव्हा सैनिकांच्या खांद्यावर साधारण अशीच हत्यारं होती. पण म्हणून तो हक्क तसल्याच हत्यारांपुरता आहे, हा मुद्दा मी पुढे करत नाही. छापखान्याचंही रूप बदललंय, म्हणून बोलायचा हक्क कमी होत नाही. मामांकडून मी एवढंच घेतलं: बार झाल्यावर पुन्हा भरेपर्यंत समोरच्याला पळायला किंवा अंगावर यायला वेळ मिळतो.

८ जानेवारी २०११, ॲरिझोनातलं तुसान. किराणा दुकानाबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स लोकांना भेटत होत्या. हल्लेखोराच्या ग्लॉकमध्ये ३३ गोळ्यांची मॅगझीन होती. ती काही सेकंदांत रिकामी झाली. तो दुसरी लावायला गेला तेव्हा माणसांनी त्याला खाली पाडलं. ७४ वर्षांचे निवृत्त कर्नल बिल बॅजर डोक्याला गोळी चाटून गेलेली असताना त्याच्यावर तुटून पडले. ६१ वर्षांच्या पॅट्रिशिया मेश यांनी दुसरी मॅगझीन त्याच्या हाती लागू दिली नाही. तोवर सहा जण गेले होते. गिफर्ड्स यांचे पती मार्क केली यांनी २०१३ मध्ये सिनेटसमोर सांगितलं की पहिली गोळी गॅबीला लागली आणि तेरावी क्रिस्टिना-टेलर ग्रीन या नऊ वर्षांच्या मुलीला. तेरावी! माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे.

दहाची मर्यादा प्रत्येक हत्याकांड थांबवत नाही. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात ३२ जणांना मारणाऱ्याकडे दहा आणि पंधरा गोळ्यांच्याच मॅगझीन होत्या, पण भरपूर. मेलेल्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगीही होती. हे कुणी माझ्या तोंडावर मारलं की मी मान्य करते. तरीही तुसानमधली ती फट मला सोडवत नाही. माझे नऊ सेकंद माझ्या जिवावर बेतू शकतात. तसेच काही सेकंद त्या दुकानाबाहेर मिळाले म्हणून तिथली कितीतरी माणसं संध्याकाळी घरी गेली. दोन्ही खरं मानून मला बाजू ठरवायची होती, आणि मी दहाची बाजू घेतली. त्यातला धोका माझ्या वाट्याला येतो, तो मी पत्करलाय.

तो कमी करायचा उपाय माझ्या हातात आहे, म्हणून महिन्यातून दोनदा रेंजवर जाते. आधी पळते, मग डबी बदलते. गेल्या रविवारी सहा सेकंद लागले.